जुन्या गाडीचा जाम झालेला बोल्ट: आम्ही वेळ का मागून घेतो

"लोअर आर्मचा बुश बदलायचाय, दोन तासांत होईल ना?" असं ग्राहक विचारतात तेव्हा आम्ही आधी गाडी किती जुनी आहे ते विचारतो. (लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यातला रबरी तुकडा.) तीन-चार वर्षांच्या गाडीवर बहुधा दोन तासांत होतं. पंधरा वर्षांच्या गाडीवर तेच काम कधी पूर्ण दिवस खातं, आणि त्यातला बराचसा वेळ एकाच बोल्टपाशी जातो. गाडी सोडण्याआधी हे पत्रक वाचलंत, तर मधेच आमचा फोन आल्यावर तो कशासाठी आहे हे तुम्हाला लगेच कळेल.

गंज भाग कसा पकडतो

गंज लोखंडाचाच बनतो, पण तेवढ्याच लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. पाणी धरलेला गंज तर कित्येक पट फुगतो. बोल्ट आणि भोक यांच्यात केसाएवढी फट असते. तिच्यात गंज तयार झाला की त्याला फुगायला जागा मिळत नाही, आणि तो दोन्ही बाजूंना दाबत बसतो. म्हणून नट निघून गेला तरी बोल्ट हलत नाही.

ॲल्युमिनियमच्या नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं तो हब, आणि हब ज्यात बसतो तो हा ओतीव भाग) लोखंडी बेअरिंग किंवा बोल्ट असेल तर प्रकरण आणखी वेगळं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मधे खारट ओल, म्हणजे तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात ॲल्युमिनियम झिजतं. त्याची पांढरी पूड साठून भाग जणू सिमेंटमध्ये बसवल्यासारखा होतो. समुद्राजवळ फिरणाऱ्या किंवा मीठ टाकलेल्या बर्फाळ रस्त्यांवरून चालणाऱ्या गाड्यांत हे लवकर दिसतं.

बुशमधला बोल्ट

आमच्या अनुभवात सगळ्यात हट्टी हाच. रबरी बुशच्या मधोमध एक लोखंडी नळी असते आणि बोल्ट तिच्यातून जातो. नळी आणि बोल्ट गंजून एक झाले की पाना लावल्यावर बोल्ट फिरतो खरा, पण त्याच्याबरोबर नळीही फिरते आणि रबर पिळवटतं. पाना सोडला की बोल्ट रबराच्या ताणाने मागे येतो. नवख्याला वाटतं, आटे सैल होतायत. तसं काही होत नसतं. इथे आणखी जोर लावला तर बोल्टचं डोकं तुटतं, किंवा सबफ्रेमच्या (आर्म जिला जोडलेला असतो ती लोखंडी चौकट) आत वेल्ड केलेला नट सुटून नुसता फिरत राहतो. मग तिथे पोहोचायला पत्रा कापावा लागतो.

म्हणून आम्ही घाई करत नाही. आधी तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे साफ करतो. गंजात शिरणारं पातळ तेल लावतो, हातोडीने हलके ठोके देतो आणि भाग तसाच ठेवतो. शक्य असेल तर रात्रभर. ठोक्यांनी गंजाच्या थरात बारीक भेगा पडतात आणि तेल त्यांतून आत जातं. सोडवताना सहा कोनी सॉकेटच वापरतो, कारण बारा कोनी सॉकेट गंजलेलं डोकं गोल करून टाकतं. आधी बोल्ट किंचित आवळतो, मग सोडतो. गंजाची पकड पहिल्या हालचालीत मोडायची असते, ती कोणत्या दिशेने मोडली याला महत्त्व नाही. एवढं करूनही सुटला नाही, तर बुशच्या दोन्ही बाजूंनी बोल्ट करवतीने कापून आर्म बाहेर काढतो. बोल्ट आणि बुश दोन्ही जातात, पण सबफ्रेम वाचते, आणि सबफ्रेमपुढे बोल्टची किंमत काहीच नाही.

बॉल जॉइंट आणि टाय रॉड

बॉल जॉइंट म्हणजे आर्म आणि नकल यांना जोडणारा गोळ्याचा सांधा. टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा, त्याच्या टोकालाही तसाच सांधा. यांची दांडी निमुळती असते आणि तशाच निमुळत्या भोकात घट्ट रुतून बसते. नट काढला तरी ती आपसूक सुटत नाही. पाचरीसारखा काटा ठोकून ती निघते, पण त्यात रबरी बूट फाटतो. म्हणून जॉइंट परत वापरायचा असेल तर आम्ही पुलर (स्क्रू आवळून अडकलेला भाग ढकलून किंवा ओढून काढणारं अवजार) लावतो, ताण देऊन ठेवतो आणि नकलच्या कानावर बाजूने हातोड्याचा एक सणसणीत ठोका देतो. "टक्" असा आवाज होऊन जॉइंट सुटतो. आट्यांच्या टोकावर मात्र कधीच ठोकत नाही. टोक पसरतं आणि नट परत चढत नाही.

काही गाड्यांत बॉल जॉइंट आडव्या बोल्टने चिमटीत धरलेला असतो. तो बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो, कारण तो जॉइंटच्या दांडीवरच्या खाचेतून गेलेला असतो.

हब, बेअरिंग आणि ड्राइव्ह शाफ्ट

ड्राइव्ह शाफ्ट म्हणजे इंजिनची ताकद चाकाला देणारा दांडा. तो दात्यांनी हबमध्ये बसतो आणि त्याच्या टोकावर चाकाच्या मधला मोठा नट असतो. हा नट अनेक गाड्यांत २०० ते ३०० न्यूटन-मीटरला (टॉर्कचं, म्हणजे पिळण्याच्या जोराचं माप) आवळलेला असतो, म्हणजे चाकाच्या नटांच्या साधारण दुप्पट. तो आम्ही चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच सैल करतो. जॅकवर उचललेल्या गाडीवर एवढा जोर लावणं धोक्याचं आहे.

शाफ्टचे दाते हबमध्ये गंजले असतील तर शाफ्टवर थेट घण घालण्याचा मोह होतो. त्याने टोक पसरतं, आणि आतल्या जॉइंटलाही मार बसू शकतो. आम्ही पुलरने ताण देऊन ठेवतो आणि वाट पाहतो. शाफ्ट आतल्या बाजूने ओढत नाही, कारण तिकडचा जॉइंट निखळू शकतो.

दाबून बसवलेलं बेअरिंग निघताना बहुतेक वेळा तुटतंच. हब बाहेर येतो आणि बेअरिंगची आतली कडी त्याच्यावरच राहते. ती ग्राइंडरने जवळजवळ पूर्ण चिरून छिन्नीच्या एका ठोक्याने फोडतो. हबला ओरखडा जाणार नाही इतपतच चिरायचं, याला हात सरावलेला लागतो. थोडक्यात, दाबून बसवलेलं बेअरिंग एकदा काढलं की ते परत वापरता येत नाही. "जुनंच बसवा" अशी विनंती आम्ही मान्य करणार नाही.

एबीएस सेन्सर (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ नये म्हणून चाकाचा वेग मोजणारा) हा वेगळा नाजूक विषय. प्लास्टिकचा सेन्सर लोखंडी भोकात वर्षानुवर्षं बसलेला असतो आणि भोवतीचा गंज त्याला आवळत असतो. तो अखंड निघेल याची खात्री देता येत नाही. त्यामुळे अंदाजपत्रकात आम्ही तो "लागू शकेल" म्हणून आधीच लिहितो.

मागच्या ब्रेकचा ड्रम अडकला तर आधी ॲडजस्टर (आतले ब्रेक शू ड्रमच्या जवळ ठेवणारा स्क्रू) मागे घेतो. ड्रमवर आटे पाडलेली भोकं असतील तर त्यांत बोल्ट थोडे-थोडे आळीपाळीने आवळत ड्रम बाहेर ढकलतो.

आच कधी, कधी नाही

८० मिलिमीटरचं पोलादी भोक १०० अंशांनी तापवलं तर जेमतेम ०.१ मिलिमीटर मोठं होतं. ऐकायला क्षुल्लक, पण बेअरिंग घट्ट बसतं तेच काही शतांश मिलिमीटरच्या फरकावर! ॲल्युमिनियम त्याच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, म्हणून तिथे थोडीशी आचही पुरते. मात्र वितळायच्या आधी ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, त्यामुळे त्याच्यावर गॅसची ज्योत धरताना आम्ही फार जपतो.

शॉक ॲब्सॉर्बरला आच कधीच नाही. आत दाबाखालचं तेल आणि वायू असतो. ब्रेकची नळी, रबर आणि सेन्सर जवळ असतील तर ते आधी बाजूला काढतो. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर ज्योत धरत नाही, कारण काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रव असतं आणि तापल्यावर त्यातून विषारी वायू निघतो. लाल होईपर्यंत तापवलेला बोल्ट परत वापरत नाही. डोक्यावर १०.९ असा आकडा असलेला बोल्ट दर चौरस मिलिमीटरला सुमारे १००० न्यूटन ताण सहन करतो, आणि ती ताकद उष्णतेने उतरते. त्याच्या जागी साधा बोल्टही चालत नाही.

घरून निघण्याआधी

खालचे बोल्ट दिसत असतील आणि हात पोहोचत असेल, तर दोन-तीन दिवस आधीपासून संध्याकाळी त्यांच्यावर गंजात शिरणारं पातळ तेल सोडा; आमचं काम खरोखर हलकं होतं. डिस्क, ड्रम आणि ब्रेक पॅड यांना तेलाचा थेंबही लागू देऊ नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. कुणी आधी प्रयत्न करून डोकं गोल केलं असेल तर मोकळेपणाने सांगा. आम्ही नावं ठेवणार नाही, फक्त सुरुवात वेगळ्या पद्धतीने करू.

काम चालू असताना काही कापावं लागणार असेल तर आधी तुम्हाला फोन करू. तुमच्या होकाराशिवाय कापणार नाही. त्या दिवशी फोन जवळ ठेवा, कारण गाडी लिफ्टवर उघडी असते आणि तोवर पुढचं काम थांबतं.

बसवताना

बुशचे बोल्ट शेवटचे आवळतो ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच. चाक हवेत लोंबत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. हे पाळलं नाही म्हणून काही महिन्यांत गेलेले बुश आम्ही पुष्कळ काढले आहेत. हबचा नट नवा लावतो आणि कंपनीने दिलेल्या मापाला टॉर्क पान्याने आवळतो. बोल्टच्या दांडीवर जाम न होऊ देणारं ग्रीस लावतो, चाकाच्या नटांच्या आट्यांवर मात्र नाही. तिथे ग्रीस लागलं की त्याच टॉर्कला नट ठरल्यापेक्षा जास्त ताणले जातात. लोअर आर्म किंवा टाय रॉड सुटला असेल तर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करूनच गाडी देतो.

साधारण ५० ते १०० किलोमीटर चालवून झाल्यावर चाकाचे नट तपासायला एकदा या, पाच मिनिटांचं काम आहे. काढलेले जुने भाग डिकीत पिशवीत ठेवलेले असतील. कापलेला बोल्ट हातात घेऊन पाहा, दिवस कुठे गेला ते त्याच्यावर दिसेल.