ओपीडी बंद आणि कॅज्युअल्टी बंद: दोन्ही संपच, पण एकाच मापाचे नाहीत

डॉक्टरांच्या संपावर वाद सुरू झाला की दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते: ओपीडी बंद ठेवणं आणि कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग, बंद ठेवणं.

ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात तरुण डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून झाला. त्यानंतर महाराष्ट्रात मार्ड या निवासी डॉक्टरांच्या (पदव्युत्तर शिक्षण घेत रुग्णालयात काम करणाऱ्यांच्या) संघटनेने संप पुकारला. ओपीडी आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या, तातडीची सेवा मात्र संपातून वगळली होती. हा पहिला प्रकार. हर्नियाचं ऑपरेशन पुढे जातं, केसपेपर काढून बसलेला माणूस परत फिरतो. हाल होतात, पण बहुतेकांना थांबता येतं.

दुसरा प्रकार कॅज्युअल्टीच बंद ठेवण्याचा. साप चावलेल्या मुलाला किंवा बाळंतपणात रक्तस्राव होणाऱ्या बाईला पुढची तारीख देता येत नाही. मागणी कितीही रास्त असो, कॅज्युअल्टी सोडून जाणं मला कधीच समर्थनीय वाटत नाही.

म्हणून डॉक्टरांनी संपच करू नये, असं मात्र नाही. 2017 मध्ये धुळ्यात नातेवाइकांच्या मारहाणीत एका निवासी डॉक्टरच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. डॉक्टरांवरील हल्ल्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला राज्याचा कायदा 2010 पासून होता, तरी हे घडलं. रात्रपाळीत वॉर्ड सांभाळणारी मुलगी सुरक्षित नसेल, तर तिथला पेशंटही सुरक्षित नाही.

काही जण 1976 च्या लॉस एंजेलिसचा दाखला देतात: डॉक्टरांनी काम कमी केलं आणि तिथले मृत्यू घटले. पण ते मुख्यतः ठरलेल्या शस्त्रक्रिया लांबल्यामुळे, आणि तातडीची सेवा चालू होती. कॅज्युअल्टी बंद ठेवायला हा आधार होत नाही.

आता अडचणीचा भाग. 'ठरलेलं' म्हणजे 'लांबवण्याजोगं' नव्हे. केमो आणि डायलिसिसच्या तारखाही ठरलेल्याच असतात. शिवाय निवासी डॉक्टर बाहेर असताना कॅज्युअल्टी लेक्चरर, प्रोफेसर ओढतात. पहिले दोन दिवस निभावतं. आठवड्याने तीच माणसं थकलेली असतात, आणि ओपीडीत वेळेवर न पाहिलेला मधुमेहाचा पाय सडून कॅज्युअल्टीत येतो. संप लांबला की पहिला प्रकार हळूहळू दुसरा होतो, कोणी तसं जाहीर न करता.

त्यामुळे संपाची नोटीस हाती आली की मी आधी बघते: गावाहून निघण्याआधी पेशंटला कळेल इतक्या आधी ती दिली आहे का, केमो-डायलिसिस वगळलंय का, आणि रात्री कॅज्युअल्टीत कोण असणार त्यांची नावं लावली आहेत का.