पेटीवर छापलेला पत्ता: क्लीन यूआरएल आणि राउटिंगची पार्श्वभूमी

देवगडातल्या एका बागायतदाराने आंब्याच्या पेट्यांवर वेबसाइटचा पत्ता छापून घेतला होता. नुसतं साइटचं नाव नाही, थेट ऑर्डरच्या पानाचा पत्ता: तिरपी रेघ, ‘इंडेक्स डॉट पीएचपी’, प्रश्नचिन्ह, ‘पेज’ बरोबर ७. पुढच्या हंगामाआधी साइट दुसऱ्या कोणाकडून नव्याने बांधून घेतली आणि ७ नंबरचं पान उरलं नाही. मागच्या वर्षीची पेटी जपून ठेवलेल्या गिऱ्हाइकांना त्या पत्त्यावर ‘४०४’, म्हणजे ‘पान सापडत नाही’, दिसायला लागलं. दुरुस्तीसाठी ती साइट माझ्याकडे आली तेव्हा ऑर्डरचं पान साइटवर होतंच, पण पेटीवरून तिथे जायची वाट बुजली होती. त्या पत्त्यात प्रश्नचिन्ह आणि ७ मुळात का होतं, हे समजायला तीसेक वर्षं मागे जावं लागतं.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत १९८९ ते १९९१ या काळात वेब उभं केलं, तेव्हा पानं पुरवणारा सर्व्हर म्हणजे जवळजवळ एक फोल्डरच होता. पत्त्यातली प्रत्येक तिरपी रेघ म्हणजे एकेक फोल्डर, आणि शेवटी फाइलचं नाव. डिसेंबर १९९४ मध्ये आरएफसी १७३८ या दस्तऐवजात यूआरएलची, म्हणजे वेब-पत्त्याची, रचना नेमकी लिहिली गेली. पत्ता आणि फाइल यांची अशी सांगड असण्यात तेव्हा गैर काहीच नव्हतं, कारण पानं हातानेच लिहिली जात.

१९९३ मध्ये सर्व्हरला प्रोग्राम चालवू देणारी सीजीआय ही पद्धत आली आणि पत्त्यापलीकडे फाइलऐवजी प्रोग्राम बसायला लागला. प्रोग्राम एकच, पानं हजार. मग कुठलं पान हवं ते प्रश्नचिन्हापुढे सांगायचं. पुढे पीएचपी आणि एएसपी ही पानं बनवण्याची साधनं आल्यावर हीच रीत घट्ट झाली. आतली भाषा कोणती, डेटाबेसातला क्रमांक काय, सगळं पत्त्यात उघडं पडू लागलं. पाहुण्याला घराचा पत्ता विचारावा आणि त्याने ‘माजघरातल्या कपाटाचा तिसरा खण’ सांगावं, तशातला हा प्रकार. कपाट हललं की पत्ता खोटा.

यावरचा पहिला मोठा उपाय राल्फ एंगेलशाल यांनी एप्रिल १९९६ मध्ये लिहिला आणि जुलै १९९७ मध्ये अपाचे हा वेब सर्व्हर बनवणाऱ्या गटाला देऊन टाकला: मॉड-रीराइट. बाहेरून आलेला पत्ता सर्व्हरने नियमांशी ताडून पाहायचा आणि आतल्या आत दुसऱ्याच पत्त्यावर पाठवायचा. गिऱ्हाइकाला ‘/हापूस’ दिसतं, आत मात्र तोच जुना पीएचपीचा प्रोग्राम चालतो. पत्ता आणि फाइल यांची गाठ इथे सुटली. अशा साध्या, वाचता येणाऱ्या पत्त्यालाच ‘क्लीन यूआरएल’ म्हणतात. १९९८ मध्ये बर्नर्स-ली यांनी ‘कूल यूआरआय डोन्ट चेंज’ (चांगले पत्ते बदलत नाहीत) या टिपणात याच मुद्द्यावर बोट ठेवलं. फाइलचं एक्स्टेन्शन, लेखकाचं नाव, वापरलेलं सॉफ्टवेअर यांतलं काहीही पत्त्यात नको, कारण यातलं प्रत्येक कधी ना कधी बदलणारच. मी आजही कुठल्याही कामाआधी ते टिपण एकदा वाचतो.

आपल्याकडे हे समजायला जड जाऊ नये. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. मालवण आहे तिथेच राहिलं, पण ‘जि. रत्नागिरी’ लिहायची सवय एका रात्रीत कशी जाणार? जुन्या जिल्ह्याचं पत्र नव्या जिल्ह्यातल्या घरी पोचवायचं, तर मध्ये कोणीतरी ‘हे गाव आता तिकडे’ म्हणणारं लागतं. वेबवर हे काम ३०१ हा संकेत करतो: पान कायमचं हललं, हा घ्या नवा पत्ता. ब्राउझर मुकाट्याने तिकडे वळतो.

पुढची पायरी म्हणजे सगळ्या पत्त्यांना एकच दार. मागितलेल्या नावाची फाइल किंवा फोल्डर खरोखर असेल तर ते द्या, नाहीतर सगळं काही इंडेक्स डॉट पीएचपीकडे पाठवा. साइट बांधायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरच्या डॉट-एचटीअ‍ॅक्सेस या नियमांच्या फाइलमधल्या चार-सहा ओळी एवढंच सांगतात, आणि एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हरमध्ये ‘ट्राय-फाइल्स’ची एक ओळ तेच करते. कुठल्या पत्त्याला काय द्यायचं हा निर्णय अशा रीतीने सर्व्हरच्या सेटिंगमधून उठून प्रोग्रामच्या कोडमध्ये आला. ज्याला आपण राउटिंग म्हणतो ते हेच.

२००४ मध्ये रुबी ऑन रेल्स हे फ्रेमवर्क, म्हणजे साइट बांधायचा तयार सांगाडा, आलं आणि पुढे राउटची, म्हणजे कुठल्या पत्त्याला कुठला कोड याची, यादी साध्या वाचनीय फाइलमध्ये बसली. जुलै २००५ मध्ये जँगो हे पायथन भाषेतलं फ्रेमवर्क सगळ्यांसाठी खुलं झालं. ते कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत घडलं होतं, आणि मला हा योगायोग वाटत नाही. ज्यांच्या जुन्या बातमीचा दुवा दहा वर्षांनीही कोणी उघडेल, त्यांना पत्त्याची काळजी असणारच. जँगोत पत्त्यांचे साचे एकाखाली एक लिहायचे. वरून खाली बघत जायचं, पहिला जुळेल तो घ्यायचा. म्हणून ‘/आंबे/नवीन’ हा नेमका साचा ‘/आंबे/काहीही’च्या वर लागतो. खाली ठेवलात तर ‘नवीन’ हेच आंब्याच्या जातीचं नाव समजून शोध सुरू होतो. नवशिक्याचा अर्धा दिवस यात जातो. माझाही गेला आहे.

पण या फ्रेमवर्कांनी दिलेली खरी मोठी गोष्ट उलट्या दिशेची आहे. प्रत्येक राउटला नाव द्यायचं आणि पानांमध्ये दुवे लिहिताना पत्ता न लिहिता ते नाव लिहायचं. पत्ता फ्रेमवर्क बनवतं. मग ‘/ऑर्डर’चं ‘/मागणी’ करायचं ठरलं तरी बदल एका ओळीत होतो. फ्लास्क, लाराव्हेल या फ्रेमवर्कांनीही हीच वाट धरली.

ब्राउझरमध्येच चालणाऱ्या अ‍ॅपनी मधल्या काळात पत्त्यात ‘#!’ घालायची साथ आणली होती. पान नव्याने न मागवता पत्ता बदलू देणाऱ्या, एचटीएमएल ५ मधल्या ‘पुश-स्टेट’मुळे ती हळूहळू ओसरली आणि २०१५ मध्ये गूगलनेही त्या पत्त्यांसाठीची आपली खास पद्धत मागे घेतली.

या इतिहासात मराठीची बाजू मात्र लंगडीच राहिली, आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. यूआरएलमध्ये प्रत्यक्षात जातात ती रोमन अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हं. देवनागरीतली प्रत्येक खूण, मग ती मात्रा असो की हलन्त, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेते आणि प्रत्येक बाइटची टक्क्याच्या चिन्हासह तीन चिन्हं होतात. ‘रत्नागिरी’ या शब्दात अशा ९ खुणा आहेत, म्हणजे एका शब्दाची ८१ चिन्हं. पत्त्याच्या पट्टीत ब्राउझर ‘रत्नागिरी’ दाखवतो, पण दुवा कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की टक्क्यांची लांबच लांब माळ जाते. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला २०० चिन्हांची मर्यादा घालतं. आपल्या वाट्याला त्यात बावीसेक खुणा येतात आणि मराठी मथळा अर्ध्यातच तुटतो.

जँगोत याहून वाईट घडतं. त्याचा ‘स्लग’ (मथळ्यापासून बनलेला पत्त्याचा तुकडा) ओळखणारा साचा फक्त रोमन अक्षरं, अंक, जोडरेघ आणि अधोरेघ ओळखतो. मथळ्यापासून पत्ता बनवणाऱ्या ‘स्लगिफाय’ला १.९ आवृत्तीपासून युनिकोडची, म्हणजे रोमनखेरीज इतर लिप्यांची, सवलत आहे, पण पायथनची रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर ताडून पाहायचे साचे) मात्रांना अक्षर मानत नाहीत, त्यामुळे त्या गळून पडतात. रत्नागिरीचं ‘रतनगर’ होतं, चिपळूणचं ‘चपळण’, गुहागरचं ‘गहगर’. ज्या गावाचं नावच उरलं नाही तो पत्ता स्वच्छ कसा म्हणायचा? २०१४ पासून डॉट भारत हे डोमेन देवनागरीत मिळतं, पण पुढच्या तिरप्या रेघेनंतर ही सगळी दुखणी तशीच उभी राहतात. उपाय दोनच: स्लग बनवण्याचं काम आपण स्वतः लिहून मात्रा वाचवायच्या, किंवा सरळ रोमन लिपीत छोटा पत्ता ठेवायचा. छापायचा असेल, फोनवर सांगायचा असेल, तर मी दुसरा मार्ग घेतो. मन मारून घेतो.

देवगडच्या त्या साइटवर आता पत्ता एका शब्दाचा आहे, हापूस रोमन अक्षरांत. जुन्या पत्त्यासाठी ३०१चा नियम लिहिताना एक गोष्ट आडवी आली: मॉड-रीराइटचा मुख्य नियम प्रश्नचिन्हापुढचं काहीच पाहत नाही, त्यामुळे ‘पेज बरोबर ७’ ओळखायला क्वेरी-स्ट्रिंगची, म्हणजे प्रश्नचिन्हापुढच्या भागाची, वेगळी अट वर लिहावी लागते, आणि नव्या पत्त्यामागे तीच शेपटी पुन्हा लागू नये म्हणून ती काढून टाकायलाही सांगावं लागतं. तो नियम मी अजून काढलेला नाही. रिकाम्या पेट्या लोक फेकत नाहीत. कोणी त्यात सुकवलेली आमसुलं ठेवतं, कोणी पोरांची पुस्तकं, आणि पेटीवरचा पत्ता अजून वाचता येतो.