परिषद-बदल (अमेरिकन विद्यापीठीय क्रीडा)

अमेरिकेतील विद्यापीठाने आपले क्रीडासंघ एका स्पर्धापरिषदेतून काढून दुसरीत नेणे, आणि अशा स्थलांतरांमुळे परिषदांची सदस्यसंख्या, भौगोलिक व्याप्ती व प्रसंगी अस्तित्वच पालटणे, या प्रक्रियेस परिषद-बदल किंवा परिषदांची पुनर्रचना म्हणतात. ‘परिषद’ हा शब्द येथे ‘कॉन्फरन्स’साठी योजला आहे. आपापसांत ठरावीक सामने खेळणाऱ्या, एक नियमावली मानणाऱ्या आणि सामन्यांचे प्रक्षेपणहक्क एकत्र विकणाऱ्या विद्यापीठांचे मंडळ असा तिचा अर्थ. भारतातील आंतरविद्यापीठ स्पर्धांत मुंबई किंवा पुणे विद्यापीठ पश्चिम विभागात खेळते ते नकाशामुळे. तेथे निवडीचा प्रश्न येत नाही. अमेरिकेत परिषदेचे सदस्यत्व हा करार असतो. तो मोडता येतो, आणि मोडल्यास काय भरावे लागेल हेही बहुधा आधीच लिहिलेले असते.

परिषद वरवर एकसंध दिसत असली तरी तिच्यात चार निराळ्या गोष्टी एकत्र नांदतात : सदस्य विद्यापीठे, नाव, कायदेशीर घटना आणि प्रक्षेपणहक्क. शांततेच्या काळात हा भेद कोणाच्या लक्षातही येत नाही. सदस्य निघून जाऊ लागले, की चारही गोष्टी सुट्या होतात आणि प्रत्येकीवर वेगळा हक्क सांगितला जातो. या विषयातील बहुतेक वाद या सुटेपणातून आले आहेत.

उगम : सर्वांत जुनी परिषद कोणती याविषयी एकमत नाही. मिशिगन राज्यातील लहान महाविद्यालयांची मिशिगन इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन १८८८ हे स्थापनावर्ष सांगते, आणि अखंड चालत आलेल्या संस्थांपुरता तिचा दावा सामान्यतः मान्य होतो. मोठ्या विद्यापीठांपुरते पाहता बिग टेन सर्वांत जुनी. पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या पुढाकाराने जानेवारी १८९५ मध्ये शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात सात संस्थांचे अध्यक्ष एकत्र आले; रीतसर स्थापना फेब्रुवारी १८९६ मधील. काहीजण पहिल्या बैठकीपासून काळ मोजतात. परंतु त्या बैठकीस असलेले लेक फॉरेस्ट स्थापनेच्या वेळी सदस्यांत नव्हते व त्याच्या जागी मिशिगन आले होते, हे ध्यानात घेता १८९६ हेच वर्ष धरणे योग्य ठरते. विशेष हे, की तिचे मूळ नाव प्राध्यापक-प्रतिनिधींची परिषद अशा अर्थाचे होते. भाडोत्री खेळाडू आणि अभ्यासाकडे पाठ फिरवणारे खेळाडू यांना आवर घालण्यासाठी ही मंडळी जमली होती. पैसा वाटून घेण्यासाठी परिषद, ही कल्पना तेव्हा नव्हती.

बदल मात्र प्रारंभापासून आहे. मिशिगन १९०७ च्या सुमारास बिग टेनमधून बाहेर पडले व १९१७ मध्ये परतले. शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये फुटबॉल (या नोंदीत सर्वत्र अमेरिकन फुटबॉल) बंद केला आणि १९४६ मध्ये परिषद सोडली. दक्षिणेत १९२१ मध्ये सदर्न कॉन्फरन्स निघाली. तिच्यातून डिसेंबर १९३२ मध्ये तेरा विद्यापीठे साउथईस्टर्न कॉन्फरन्स (एसईसी) म्हणून, तर १९५३ मध्ये सात विद्यापीठे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स (एसीसी) म्हणून वेगळी झाली. मिसुरी व्हॅली परिषद १९२८ मध्ये दुभंगली आणि दोन्ही तुकड्यांनी १९०७ हेच आपले स्थापनावर्ष सांगितले.

पॅसिफिक किनाऱ्याचा प्रश्न : पॅसिफिक किनाऱ्यावरील परिषदेची (पुढे पॅक-१२) स्थापना १९१५ ची की १९५९ ची, हा वाद सविस्तर पाहण्याजोगा आहे. पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स २ डिसेंबर १९१५ रोजी पोर्टलंड येथे स्थापन झाली. कॅलिफोर्निया (बर्कली), वॉशिंग्टन, ऑरेगन आणि ऑरेगन कृषी महाविद्यालय (आजचे ऑरेगन स्टेट) हे चार संस्थापक. पुढे वॉशिंग्टन स्टेट, स्टॅनफर्ड, सदर्न कॅलिफोर्निया (यूएससी), आयडाहो, माँटॅना आणि शेवटी यूसीएलए असा विस्तार झाला. १९५६ मध्ये काही विद्यापीठांचे हितचिंतक खेळाडूंना गुप्त निधीतून पैसे देत असल्याचे उघड झाले. वॉशिंग्टन, यूसीएलए, यूएससी व कॅलिफोर्निया यांना शिक्षा झाल्या, मने दुरावली आणि १९५९ मध्ये परिषद विसर्जित झाली.

त्याच वर्षी ॲथलेटिक असोसिएशन ऑफ वेस्टर्न युनिव्हर्सिटीज या नावाने पाच विद्यापीठे पुन्हा एकत्र आली : कॅलिफोर्निया, यूसीएलए, यूएससी, वॉशिंग्टन आणि स्टॅनफर्ड. ऑरेगन, ऑरेगन स्टेट, वॉशिंग्टन स्टेट आणि आयडाहो यांना बोलावणे नव्हते. वॉशिंग्टन स्टेटला १९६२ मध्ये, ऑरेगनच्या दोन्ही विद्यापीठांना १९६४ मध्ये प्रवेश मिळाला. आयडाहोला तो कधीच मिळाला नाही. ते १९६३ मध्ये बिग स्काय परिषदेत गेले. १९६८ मध्ये नाव पॅक-८ झाले, १९७८ मध्ये पॅक-१० आणि २०११ मध्ये पॅक-१२.

पॅक-१२ स्वतःचा इतिहास १९१५ पासून मोजते व जुन्या परिषदेची विजेतेपदे आपल्या यादीत धरते. १९६४ नंतरचे आठही सदस्य जुन्या परिषदेतील होते, हा त्या बाजूचा भक्कम पुरावा. तरीही संस्था म्हणून पाहता १९५९ हे वर्ष अधिक सयुक्तिक वाटते. वॉशिंग्टन स्टेट १९१७ पासून जुन्या परिषदेत होते. संस्था तीच असती, तर १९६२ मध्ये त्याला नव्याने प्रवेश देण्याचे कारणच नव्हते. परंपरा एका वर्षापासून आणि घटना दुसऱ्या वर्षापासून, असे म्हटल्यास दोन्ही बाजूंना न्याय मिळतो. हा भेद केवळ तारखेचा नाही. तुटणाऱ्या परिषदेचे पुढारी सदस्य आपली वेगळी सोय लावतात आणि लहान शहरांतील विद्यापीठे दाराबाहेर राहतात, ही गोष्ट १९५९ मध्ये घडली आणि २०२३ मध्ये पुन्हा घडली. ऑरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट दोन्ही वेळा मागे राहिलेल्यांत होते.

१९५९ च्या सुमारास पिट्सबर्ग विद्यापीठाचे क्रीडासंचालक थॉमस हॅमिल्टन यांनी देशव्यापी परिषदेचा आराखडा मांडला होता. पश्चिमेची प्रमुख विद्यापीठे, नोत्र दाम, पेन स्टेट आणि लष्कर, नौदल व हवाई दलाच्या प्रबोधिनी अशी सारी विमानाने ये-जा करून एकमेकांशी खेळतील, म्हणून तिला ‘एअरप्लेन कॉन्फरन्स’ म्हणत. ती प्रत्यक्षात आली नाही. हॅमिल्टन पुढे पश्चिमेच्या नव्या परिषदेचे प्रमुख झाले.

प्रक्षेपणहक्क : १९८४ पर्यंत महाविद्यालयीन फुटबॉलचे दूरदर्शन प्रक्षेपण नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (एनसीएए) या मध्यवर्ती संस्थेच्या हाती होते. तिच्या शेवटच्या योजनेनुसार कोणताही संघ दोन वर्षांत सहापेक्षा अधिक वेळा दिसू शकत नव्हता, आणि त्यांपैकी राष्ट्रीय प्रक्षेपणे चारच. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया यांनी याला आव्हान दिले. जून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही योजना स्पर्धाविरोधी ठरवली; बहुमताचा निकाल न्या. जॉन पॉल स्टीव्हन्स यांचा. भिन्नमत नोंदवणारे न्या. बायरन व्हाइट हे तारुण्यात कोलोरॅडोचे नामवंत फुटबॉलपटू होते.

या निकालालाच पुढील सर्व उलथापालथींचे मूळ मानण्याचा प्रघात आहे. तो बराचसा योग्य असला तरी पुरेसा नाही. निकालाने हक्क मध्यवर्ती संस्थेकडून काढले, पण ते परिषदांनीच विकावेत असे त्यात कुठेही नव्हते. प्रथम काही वर्षे कॉलेज फुटबॉल असोसिएशन या संयुक्त मंडळाने विक्री केली. नोत्र दामने १९९१ च्या हंगामापासून एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीशी स्वतंत्र करार केला, पुढे एसईसीही बाहेर पडली आणि ते मंडळ संपले. दुसरे कारण एनसीएएच्या एका किरकोळ नियमात आहे. बारा किंवा अधिक सदस्य असलेल्या परिषदेस दोन गट पाडून अंतिम सामना घेता येईल, ही तरतूद दुसऱ्या श्रेणीतील पेनसिल्व्हेनियाच्या एका परिषदेच्या सोयीसाठी झाली होती. एसईसीचे आयुक्त रॉय क्रेमर यांनी तिचा उपयोग ओळखला. आर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना यांना घेऊन सदस्य बारा केले व डिसेंबर १९९२ मध्ये बर्मिंगहॅम येथे पहिला अंतिम सामना भरवला. अलाबामाने फ्लोरिडाला २८–२१ असे हरवले. त्या दिवसापासून सदस्यसंख्या वाढवण्याला थेट आर्थिक अर्थ आला.

आर्कान्सा गेल्यावर साउथवेस्ट कॉन्फरन्स टेक्सासपुरती उरली आणि १९९६ मध्ये बंद झाली. तिच्यातील टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक व बेलर यांनी बिग एटच्या आठ विद्यापीठांसह बिग १२ घडवली. बेलर व टेक्सास टेक यांचा समावेश राज्यपाल ॲन रिचर्ड्स आणि उपराज्यपाल बॉब बुलक यांच्या दबावामुळे झाला, असे नेहमी सांगितले जाते. बुलक यांचा प्रभाव बहुतेक अभ्यासक मान्य करतात. रिचर्ड्स यांच्या भूमिकेबद्दलचे दाखले मुख्यतः आठवणींवर आधारलेले असल्याने ते जपून वापरावेत.

ऑगस्ट २००७ मध्ये बिग टेनने स्वतःची वाहिनी सुरू केली. केबलचे वर्गणीदार ज्या राज्यात अधिक, तेथील विद्यापीठ मोलाचे, असे गणित तयार झाले. २०१४ मध्ये मेरीलंड व रटगर्स यांना मिळालेला प्रवेश राजधानी वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क परिसरातील घरांशिवाय समजत नाही. शैक्षणिक दर्जा हाच निकष होता, असाही एक मतप्रवाह आहे. संशोधन विद्यापीठांच्या संघटनेचे सदस्यत्व बिग टेनला महत्त्वाचे वाटते हे खरे. पण नेब्रास्काने ते २०११ मध्ये गमावल्यावरही त्याचे परिषदेतील स्थान अबाधित राहिले.

कुलूप आणि किल्ली : सदस्य निघून जाऊ नयेत म्हणून दोन साधने वापरली जातात. पहिले निर्गमन-शुल्क. एसीसीने ते सुमारे ५.२ कोटी डॉलरपर्यंत वाढवले होते. मेरीलंडने अखेर सुमारे ३.१ कोटींवर तडजोड केली. दुसरे, अधिक कठोर साधन हक्कप्रदान. यात विद्यापीठ आपल्या मैदानावरील सामन्यांचे प्रक्षेपणहक्क ठरावीक मुदतीसाठी परिषदेच्या नावे करते. विद्यापीठ गेले तरी हक्क मागेच राहतात आणि नव्या परिषदेच्या हाती दाखवण्यासारखे काही लागत नाही. एसीसीने मेरीलंडच्या घोषणेनंतर, २०१३ मध्ये, ही व्यवस्था केली आणि पुढे तिची मुदत २०३६ पर्यंत वाढवली. फ्लोरिडा स्टेट व क्लेमसन यांनी तिच्याविरुद्ध दावे लावले; मार्च २०२५ मध्ये तडजोड होऊन उत्पन्नवाटपात प्रेक्षकसंख्येला वजन मिळाले. टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी २०२१ मध्ये एसईसीची वाट धरली. मुदतीच्या एक वर्ष आधी सुटका मिळावी म्हणून त्या दोघांनी मिळून १० कोटी डॉलर मोजले.

पॅक-१२चे हक्कप्रदान प्रक्षेपणकराराबरोबरच २०२४ च्या उन्हाळ्यात संपणार होते. म्हणजे कुलपालाच तारीख होती. ३० जून २०२२ रोजी यूएससी व यूसीएलए यांनी बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो बिग १२ मध्ये परतले. ४ ऑगस्टला एकाच दिवसात ऑरेगन व वॉशिंग्टन बिग टेनकडे, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट व युटा बिग १२ कडे गेले. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांनी, प्रक्षेपण-उत्पन्नाचा कमी वाटा पत्करून, अटलांटिक किनाऱ्याची परिषद (एसीसी) स्वीकारली. त्यांच्याबरोबर आलेल्या डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने नऊ वर्षे या उत्पन्नावर पाणी सोडले.

उरलेल्या ऑरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट या दोघांनी वॉशिंग्टन राज्यातील व्हिटमन काउंटीच्या न्यायालयात धाव घेतली. वॉशिंग्टन स्टेटचे पुलमन हे गाव याच काउंटीत आहे. सारा खटला नियमावलीतील एका तरतुदीभोवती फिरला : १ ऑगस्ट २०२४ पूर्वी जो सदस्य परिषदेस बाहेर पडण्याची सूचना देईल, त्याचा प्रतिनिधी संचालक मंडळावर राहणार नाही. पत्रकार परिषदेत केलेली घोषणा ही ‘सूचना’ होते काय? निघालेल्या दहा विद्यापीठांचे म्हणणे नाही असे होते. पण यूएससी व यूसीएलए यांनी घोषणा करताच त्यांच्या प्रतिनिधींना परिषदेने मंडळाच्या कामकाजातून वगळले होते, आणि तेव्हा उरलेल्यांपैकी कोणी आक्षेप घेतला नव्हता. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्या. गॅरी लिबी यांनी मंडळाचा ताबा दोघांकडे दिला, डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला, आणि मग तडजोड झाली. नाव, घटना आणि मालमत्ता दोघांकडे राहिली. त्याआधी दहा वर्षे, २०१३ मध्ये, बिग ईस्ट ही परिषद फुटली तेव्हा नाव आणि इतिहास बास्केटबॉलकेंद्री कॅथलिक विद्यापीठांनी नेला होता, तर कायदेशीर घटना अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्सकडे राहिली होती. पॅक-१२ मध्ये दोन्ही एकत्र राहिली, पण सदस्य गेले.

खेळाडूंवरील परिणाम : आर्थिक निर्णय फुटबॉलसाठी होतात आणि प्रवास सर्व खेळांच्या वाट्याला येतो, हे या व्यवस्थेतील सर्वांत मोठे वैगुण्य होय. फुटबॉल संघ आठवड्यातून एकदा खेळतो व त्याचे साखळी सामने बारा असतात. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर यांचे सामने अधिक, आणि ते बऱ्याचदा अभ्यासाच्या दिवशी येतात. लॉस एंजेलिस ते रटगर्सचे न्यू ब्रन्सविक हे अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर, घड्याळातील फरक तीन तासांचा. या खेळांतील बहुतेक मुले-मुली पुढे व्यावसायिक होणार नसतात. पदवी हेच त्यांचे खरे बक्षीस असते. त्यांना विचारून हे निर्णय झाले नाहीत, ही गोष्ट नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. यूसीएलएच्या स्थलांतरामुळे बर्कलीचे नुकसान होते हे दोन्हींच्या सामाईक नियामक मंडळाने मान्य केले आणि यूसीएलएने बर्कलीस वर्षाला १ कोटी डॉलर द्यावेत असे २०२४ मध्ये ठरवले. भरपाईची अशी व्यवस्था ऑरेगन किंवा वॉशिंग्टन राज्यात झाली नाही.

सद्यःस्थिती : २०२४ पासून बिग टेनमध्ये १८ आणि बिग १२ मध्ये १६ सदस्य आहेत. सर्वोच्च श्रेणीच्या फुटबॉल परिषदेस किमान आठ सदस्य लागतात. संख्या घटल्यास दोन वर्षांची सवलत मिळते. त्या मुदतीत ऑरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट यांनी माउंटन वेस्ट परिषदेतून बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट व युटा स्टेट यांना घेतले. फुटबॉल न खेळणारे गोन्झागाही आले आणि जून २०२५ मध्ये टेक्सास स्टेट हे फुटबॉलचे आठवे सदस्य ठरले. प्रवेशाची तारीख १ जुलै २०२६. पुलमनपासून जेमतेम १३ किलोमीटरवरील मॉस्को या गावी असलेले आयडाहो विद्यापीठ या यादीत नाही. ते बिग स्कायमध्ये आहे.