खाजन जमीन (गोवा)

खाडीकाठच्या सखल जमिनीवर भरतीचे पाणी चढते. ते बांध घालून अडवायचे आणि आतल्या भागात भात, मासळी व मीठ पिकवायचे, या गोव्यातील जुन्या व्यवस्थेला खाजन म्हणतात. मांडवी, जुवारी, साळ, शापोरा यांच्या काठाने आणि चोडण, दिवाडी या बेटांवर मिळून सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन असल्याचे सांगितले जाते. कोकणच्या मौर्यांच्या काळातील बांदिवडे येथील ताम्रपटातही खाजनाचा उल्लेख येतो.

शेतजमिनीचे नियोजन करताना केवळ उत्पन्न न पाहता पूर अडणे, मासळीची पैदास, पाण्याचा निचरा ही निसर्गाची कामेही हिशेबात धरावीत, हा विचार २००५ च्या सहस्रक परिसंस्था मूल्यमापनानंतर ‘परिसंस्था सेवा’ या नावाने धोरणांत रुळला. खाजन बांधणाऱ्यांनी तो हिशेब त्याआधी कित्येक शतके मांडलेला होता, तोही गावाच्या पातळीवर.

या व्यवस्थेचे मर्म मानशीत, म्हणजे बांधातल्या पाणदारात आहे. मानशीच्या लाकडी फळ्या वरच्या बाजूला टांगलेल्या असतात. भरती आली की खाडीचे पाणी त्यांना ढकलून दार लावते. ओहोटीला आतले पाणी रेटा देते आणि दार आपोआप उघडते. माणसाचा हात लागतो तो फळी अडकवून थोडे खारे पाणी आत घ्यायचे असेल तेव्हाच. मानशीच्या आत पोंय नावाचा खोल भाग असतो. पावसाळ्यात शेतातले जादा पाणी तिथे उतरते, म्हणून वस्तीत पूर चढत नाही; कोळंबी, शेवटे, काळुंद्र आणि चणक (कोकणातला जिताडा) तिथेच वाढतात. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाला जाळे लावून ती पकडतात. शेतात पावसाने खार धुऊन निघाला की कोरगुट, आसगो अशा खार सोसणाऱ्या भाताची पेरणी होते. सर्वांत बाहेरचा मातीचा बांध भरतीच्या माऱ्यात असतो. त्याच्या खाडीकडच्या बाजूला तिवरे वाढू दिली, की लाटांचा जोर आधीच मोडतो.

मानशीच्या मासेमारीचा हक्क गावकरी (कोमुनिदाद) ही गावाची सामाईक संस्था लिलावाने देई आणि बांधांची डागडुजीही गावकरीच करून घेई. म्हणजे मासळीचा पैसा आणि बांधाची जबाबदारी एकाच हाती होती. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ मधील त्याची पाचवी दुरुस्ती यांनी जमीन कसणाऱ्याच्या नावे केली. ते न्यायाचेच होते. पण बांधांची निगा कूळसंघांकडे गेली आणि अनेक ठिकाणी ती पातळ झाली. लिलाव घेणाऱ्याचा फायदा जास्त मासळीत असतो, म्हणून तो खारे पाणी जास्त काळ आत ठेवतो, आणि शेजारचे भात करपते. गोव्यातल्या खाजनांच्या पडझडीचे खापर हवामानावर फोडण्याआधी हा तंटा पाहायला हवा.

तिवरांचेही तसेच. बांधाबाहेर ती राखण करतात, पण शेत पडीक राहून खारे पाणी शिरले की तीच आत पसरतात. मग ती तोडता येत नाहीत, कारण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि मुळे बांधात शिरून त्याला चिरा पडतात. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतूद आली : खाजनात विकासकामे नकोत आणि त्याचा व्यवस्थापन आराखडा करावा.

महाराष्ट्रात रायगडच्या अलिबाग-पेण पट्ट्यात याच जातीची खार जमीन आहे. तिथे पाणदाराला ‘उघाडी’ म्हणतात, बांध फुटला की ‘खांड गेली’ म्हणतात, आणि एकदा खारे पाणी बसले की पुढचे दोन-तीन पावसाळे शेत धड पिकत नाही. तिथल्या बांधांचा कारभार १९७९ च्या महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियमाखाली चालतो. खारवट जमिनीसाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल’ मालिकेतील भाताची वाणे काढली. गोव्यातल्या कृषी संशोधन संस्थेने अशीच ‘गोवा धान’ वाणे दिली आहेत. वाण चांगले असले तरी उघाडीची फळी कुजली असेल तर त्याचा उपयोग होत नाही, हे पेणकडचा शेतकरी कोणत्याही अहवालाशिवाय सांगतो.