ठाण्यातील नोंद : ग्रामीण विदर्भातील पोलीस, जात आणि अधिकाराचा गैरवापर

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणे, न घेणे किंवा सांगितले त्यापेक्षा वेगळी लिहिणे, या अधिकाराभोवती ग्रामीण विदर्भात उभा राहिलेला सार्वजनिक वाद. पोलिसी अत्याचार म्हटले की कोठडीतली मारहाण आणि गोळीबार डोळ्यांपुढे येतात. विदर्भातल्या गाजलेल्या प्रकरणांमध्ये मात्र भांडण पुन्हा पुन्हा कागदाशी येऊन थांबते. लाठी कोणावर पडली यापेक्षा कोणाचे म्हणणे लिहिले गेले, हा इथला जुना प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा जातीपाशी किंवा जमातीपाशी सापडते.

या भागात लोक तक्रार करत नाहीत, ‘रिपोर्ट देतात’. जबाबाला ‘बयाण’ म्हणतात आणि ठाण्याच्या प्रमुखाला ‘ठाणेदार’. संशयास्पद मृत्यूची पहिली नोंद म्हणजे ‘मर्ग’. हा शब्द नागपूरकडच्या बातम्यांत रोज दिसतो, पुण्यामुंबईच्या वाचकाला तो अडतो. रिपोर्ट दखलपात्र ठरला तर गुन्हा दाखल होतो, अदखलपात्र ठरला तर ‘एनसी’वर, म्हणजे नुसत्या नोंदीवर, भागते. ‘पीसीआर’ या अक्षरांना तर दोन अर्थ आहेत. दलित वस्तीतली जुनी माणसे १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यावरून ‘पीसीआरची केस’ म्हणतात, न्यायालयाच्या आवारात तीच अक्षरे पोलीस कोठडीसाठी वापरतात. एकच शब्द एकाला संरक्षण आणि दुसऱ्याला कोठडी सुचवतो, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

अमेरिकेत २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला आणि वंश व पोलीस हा विषय जगभर पोचला. त्याच आठवड्यात नागपूर जिल्ह्यातल्या नरखेड तालुक्यात एका दलित तरुणाचा मारहाणीच्या घटनेनंतर विषप्राशनाने मृत्यू झाला. पोलिसांनी सुरुवातीला केवळ आकस्मिक मृत्यू नोंदवला. आंदोलने झाल्यावर आत्महत्येस प्रवृत्त करणे आणि ॲट्रॉसिटीची कलमे लागली. मराठीत तेव्हा दोन्ही घटना शेजारी ठेवून बरेच लिहिले गेले. तुलना पूर्ण बसत नाही. तिकडे कातडीचा रंग रस्त्यावर दुरूनच दिसतो. इकडे जात कळायला आडनाव, वस्ती आणि गाव विचारावे लागते. गावात मात्र ते विचारण्याचीही गरज नसते, सगळ्यांना सगळे ठाऊक असते. त्या तरुणाच्या बाबतीत वाद चकमकीचा किंवा कोठडीचा नव्हताच. पहिल्या दिवशी कोणते कलम लिहिले, एवढाच होता.

वंशाचा प्रश्न विदर्भात थेट उभा राहिला तो १९४२ मध्ये. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टी येथे ‘चले जाव’च्या लाटेत जमाव आणि पोलीस यांच्यात रक्तपात झाला, सरकारी अधिकारी व पोलीसही मारले गेले. त्यानंतर चिमूरमध्ये गोरे सैनिक उतरवले गेले. गावातले पुरुष तुरुंगात किंवा फरार, आणि घरांत राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर येऊ लागल्या. सरकारने चौकशी नाकारली. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी चौकशीच्या मागणीसाठी दिल्लीला गेले आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य बापूजी अणे यांच्या दारात उपोषणाला बसले. अणे मूळचे वणीचे, म्हणजे आपल्याच मुलखातला माणूस सत्तेत बसलेला, म्हणून त्याचे दार. भन्साळींना तिथून हलवण्यात आले, तरी त्यांचे उपोषण वर्धा-सेवाग्रामकडे चालूच राहिले आणि ६३ दिवसांनी, जानेवारी १९४३ मध्ये, सुटले. दरम्यान उपोषणाची बातमी छापण्यावर सरकारने बंदी घातली, तिच्या निषेधार्थ वृत्तपत्रांनी एक दिवस अंक काढले नाहीत. चिमूरचा हा भाग शालेय इतिहासात दोन ओळींत संपतो. स्वातंत्र्यलढ्याच्या गौरवात तिथल्या बायकांची तक्रार बाजूला पडली, असे म्हणणे भाग आहे.

तीस वर्षांनी, स्वतंत्र देशात, वैनगंगेच्या त्याच खोऱ्यात देसाईगंज (वडसा) ठाण्यात जे घडले त्याने देशाचा कायदा बदलला. तेव्हा हे गाव चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये झाला. २६ मार्च १९७२ च्या रात्री मजुरी करणारी एक पोरकी आदिवासी मुलगी ठाण्यात आणली गेली. ती आरोपी नव्हती. तिला पळवून नेल्याची तक्रार तिच्या भावानेच दिली होती आणि बयाण द्यायला सगळे जण आले होते. बयाणे झाली, हेड कॉन्स्टेबल घरी गेला, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितले गेले आणि मुलीला आत थांबवले. ठाण्यातल्या शिपायाने बलात्कार केला आणि दुसऱ्याने अतिप्रसंगाचा प्रयत्न केला, असे तिने बाहेर आल्यावर सांगितले. दारापुढे जमाव गोळा झाला आणि ठाणे जाळण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा कुठे तिचे म्हणणे लिहून घेतले गेले. हा तपशील सहसा एका वाक्यात उरकला जातो. वास्तविक पुढचा सगळा खटला त्या जमावामुळे उभा राहिला. लोक तिथे नसते तर कागदच नसता.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. मुलीला शरीरसंबंधांची सवय होती, म्हणून संमती होती, असा त्या निकालाचा सूर होता. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो फिरवला: ठाण्यात, पोलिसांच्या ताब्यात, रात्री निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे. एका शिपायाला पाच वर्षे आणि दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा झाली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, अशी कारणे दिली. वर्षभराने उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि पुण्याचे रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुलीला मुळात ठाण्यात बोलावलेच का, याबद्दल न्यायालय एक शब्दही बोलत नाही, हा त्या पत्राचा मला सर्वांत धारदार वाटणारा मुद्दा. ठाण्यात गरीब आदिवासी मुलगी ‘नाही’ म्हणू शकते का, हाही प्रश्न त्यात होता. पत्रातून देशभर मोर्चे उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, कडक शिक्षा आली. पुरावा कायद्यात ११४-अ हे कलम आले: ताब्यातील स्त्रीशी संबंध सिद्ध झाला आणि तिने ‘संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालयाने ती नव्हती असेच धरायचे. तिचे नाव देशभर खटल्याला चिकटले. त्या नावाने भाषणे झाली, परिसंवाद झाले. तिला स्वतःला या बदललेल्या कायद्याचा काही उपयोग झाला नाही.

पश्चिम विदर्भात, म्हणजे अमरावती, यवतमाळ, अकोल्याकडे, हाच प्रश्न पारधी बेड्यांच्या रूपाने येतो. फासेपारध्यांच्या गावाबाहेरच्या वस्तीला बेडा म्हणतात. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशातल्या अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. या जमाती तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि जुनी नजर नव्या रजिस्टरात उतरली. शिवारात चोरी झाली की पहिली गाडी बेड्यावर येते, ही तक्रार तिथे कोणीही सांगेल. पोलिसांचेही उत्तर ठरलेले असते: रेकॉर्ड आहे म्हणून जातो. रेकॉर्ड का आहे? तर दर वेळी उचलले म्हणून. हे वर्तुळ बाहेरून तोडण्याचा एक प्रयत्न नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे दिसतो. मतीन भोसले यांनी पारधी मुलांसाठी तिथे काढलेल्या आश्रमशाळेचे नावच ‘प्रश्नचिन्ह’ आहे. पुढे तिच्या काही इमारती समृद्धी महामार्गाच्या आड आल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगातील जातिभेद रद्द करताना विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असेही बजावले.

खैरलांजीत (ता. मोहाडी, जि. भंडारा) २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित शेतकरी कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्याची सुरुवातही एका बयाणातूनच झाली होती. शेजारच्या गावच्या दलित पोलीस पाटलाला सप्टेंबरच्या सुरुवातीला मारहाण झाली आणि या कुटुंबातल्या बायकांनी आरोपींची नावे पोलिसांना सांगितली. ते आरोपी जामिनावर सुटले त्याच संध्याकाळी घरावर हल्ला झाला. आंधळगाव ठाण्याला खबर मिळूनही मदत वेळेत आली नाही. प्रेते कालव्यात सापडली. शवविच्छेदन इतके निष्काळजी झाले की संबंधित डॉक्टरांनाही पोलिसांबरोबर निलंबित करावे लागले. बातमी महिनाभर जिल्ह्याबाहेर फारशी गेली नाही. नोव्हेंबरात विदर्भातली शहरे पेटली तेव्हा गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी आंदोलनामागे नक्षलवादी असावेत असा संशय व्यक्त केला आणि तो त्यांना महागात पडला. तपास सीबीआयकडे गेला. २००८ मध्ये भंडारा न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली, १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या कारावासावर आणली. ॲट्रॉसिटी कायदा मात्र दोन्ही न्यायालयांत टिकला नाही: कारण सूड, जात नव्हे. दलित पोलीस पाटलाच्या बाजूने बोलले म्हणून ज्या घरावर सूड उगवला गेला, तिथे सूड आणि जात वेगळी काढायची कशी, हे त्या निकालांतून मला उमगलेले नाही.

पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट २००७ ला, त्याच गृहमंत्र्यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. बांधावरचे वाद, भाऊबंदकी यांसाठी ती बरी होती. पण गावाला बक्षीस तंटे मिटवण्याबद्दल मिळते, तेव्हा दुबळ्या बाजूने रिपोर्ट मागे घ्यावा, असा दबाव येणारच. ‘आपसी झाली’ या दोन शब्दांत किती काय दबले, ते त्या त्या गावालाच ठाऊक.

गडचिरोलीत चित्र उलटे होते. इथे पोलीस स्वतःही मरतात: ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळ १७, १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याच्या स्फोटात १५. १९९० मध्ये उभारलेल्या सी-६० या नक्षलविरोधी पथकातले जवान बरेचसे याच जिल्ह्यातले, आदिवासीही. त्यामुळे ‘पोलीस विरुद्ध आदिवासी’ ही मांडणी इथे अर्धीच खरी ठरते. तरी कागदाचा प्रश्न सुटत नाही. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर परिसरात इंद्रावतीकाठी आणि राजाराम खांदल्याच्या जंगलात मिळून दोन दिवसांत चाळीस नक्षलवादी मारल्याचे पोलिसांनी जाहीर केले. एटापल्ली तालुक्यातल्या गट्टेपल्लीतून आठ तरुण-तरुणी बेपत्ता होते; ते लग्नाला निघाले होते, असे घरच्यांनी सांगितले. चकमकीच्या नोंदीत मेलेला माणूस ‘नक्षलवादी’ म्हणून आला की गावाला त्याचे दुसरे नाव सिद्ध करत बसावे लागते.

दारूबंदीचे जिल्हे (वर्धा १९७४, गडचिरोली १९९३, चंद्रपूर २०१५ ते २०२१) हा याच विषयाचा कमी लिहिला गेलेला कोपरा. बंदी बायकांच्या चळवळीने मागितली, तिची अंमलबजावणी ठाण्याच्या हाती गेली. देशी-विदेशीच्या पेट्यांवर हप्ता आणि मोहफुलाच्या हंडीवर धाड, असे बचत गटाच्या बैठकांत सरळ बोलले जाते.

उपाय कागदावर पुष्कळ आहेत. डी. के. बसू निकालाने (१९९६) अटकेचे नियम घातले. प्रकाश सिंह निकालाने पोलीस तक्रार प्राधिकरणे सांगितली, तो लागला २२ सप्टेंबर २००६ ला, म्हणजे खैरलांजीच्या बरोबर एक आठवडा आधी. ललिताकुमारी निकालाने (२०१३) दखलपात्र गुन्ह्याचा एफआयआर सक्तीचा केला. ॲट्रॉसिटी कायद्याचे चौथे कलम तर कर्तव्यात हयगय करणाऱ्या लोकसेवकालाच शिक्षा सांगते. हद्द कोणतीही असो, कोणत्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ देण्याची सोय १ जुलै २०२४ पासून कायद्यातच आली.

भाषेचा अडथळा मात्र यातल्या कोणत्याच निकालाने हलत नाही. एटापल्ली-भामरागडची बाई माडिया बोलते, बेड्यावरची बाई पारधी बोली. ठाण्यातला लेखनिक, म्हणजे मुन्शी, मराठीत लिहितो, तीही ‘सदर इसमाने’, ‘नमूद घटनास्थळी’ अशा मराठीत, जी वडशाच्या बाजारात कोणी बोलत नाही. शेवटी ‘माझे बयाण मला वाचून दाखवले, ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ ही ओळ येते आणि तिच्याखाली अंगठा.