मूत्रल औषधे

मूत्रपिंडांवाटे जास्त सोडियम आणि त्याबरोबर पाणी शरीराबाहेर टाकणाऱ्या औषधांना मूत्रल औषधे म्हणतात. उच्च रक्तदाबावर, तसेच हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाच्या विकारात अंगावर येणाऱ्या सुजेवर ती दिली जातात.

निरोगी प्रौढाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ ९९ टक्के द्रव रक्तात परत शोषला जातो. पाणी सोडियमच्या मागे जात असल्याने, मूत्रपिंडातील सूक्ष्म मूत्रनलिकेच्या कोणत्या भागात सोडियमचे शोषण रोखले जाते यावर औषधाचा जोर ठरतो. फ्युरोसेमाइड व टॉर्सेमाइड ही औषधे या नलिकेच्या हेन्लेचे वळण नावाच्या भागात, जिथे गाळलेल्या सोडियमपैकी सुमारे चतुर्थांश शोषले जाते तिथे, काम करतात. म्हणूनच हृदय कमजोर होऊन फुप्फुसात पाणी साठलेल्या, धाप लागलेल्या रुग्णाला फ्युरोसेमाइड शिरेतून देतात. थायाझाइड गटातील औषधे त्यापुढच्या भागात काम करतात. त्यांनी लघवी तुलनेने कमी वाढते, पण परिणाम जास्त वेळ टिकतो, आणि रक्तदाबासाठी तेच हवे असते. सुरुवातीला रक्तातील द्रव घटून दाब उतरतो. काही आठवड्यांत तो द्रव बराचसा भरून निघतो, तरी रक्तवाहिन्यांचा रक्तप्रवाहाला होणारा अवरोध कमी झाल्याने दाब उतरलेलाच राहतो.

१९५० च्या दशकापर्यंत प्रभावी मूत्रल म्हणजे पारायुक्त इंजेक्शन होते. १९५८ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या क्लोरोथायाझाइडमुळे हे काम गोळीने होऊ लागले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उच्च रक्तदाबाच्या ३३ हजारांहून अधिक रुग्णांच्या ऑलहॅट चाचणीत क्लोरथॅलिडोन हे थायाझाइडसारखे जुने, स्वस्त मूत्रल हृदयविकाराचा झटका टाळण्यात अ‍ॅम्लोडिपीन व लिसिनोप्रिल या रक्तदाबाच्या नव्या औषधांच्या बरोबरीचे ठरले. केवळ जुनी म्हणून या गोळ्यांना दुय्यम लेखणे योग्य नाही.

फ्युरोसेमाइडसारखी औषधे आणि थायाझाइड या दोन्ही गटांनी रक्तातील पोटॅशियम घटते, सोडियमही घटू शकते, आणि यूरिक अ‍ॅसिड वाढून सांधेदुखी उद्भवू शकते. त्यामुळे औषध सुरू केल्यावर रक्ततपासणी आवश्यक असते. स्पायरोनोलॅक्टोन हे मूत्रल मात्र पोटॅशियम राखून ठेवते आणि मूत्रपिंड कमजोर असल्यास ते धोकादायक पातळीपर्यंत वाढवू शकते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी मूत्रलांचा परिणाम मंदावतो. जुलाब-उलट्या होत असताना ही गोळी चालू ठेवावी की थांबवावी, हे लगेच डॉक्टरांना विचारावे. प्रत्येक सूज मूत्रलाने उतरत नाही: अ‍ॅम्लोडिपीनमुळे घोट्यांवर येणारी सूज साठलेल्या मिठापाण्याची नसते, म्हणून तिथे मूत्रल वाढवण्यापेक्षा अ‍ॅम्लोडिपीनची मात्रा कमी करणे किंवा ते बदलणे उपयोगी पडते.