कटर: सरळ जायला तयार नसलेला फास्टबॉल

जून १९९७. डेट्रॉइटमधल्या सामन्याआधी न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मारियानो रिव्हेरा संघातल्याच रामिरो मेंडोझाबरोबर हात मोकळे करत होता. रिव्हेराचा चेंडू ऐन शेवटी वळत होता आणि मेंडोझाला तो झेलणं जड जात होतं. आपली चेष्टा चालली आहे असं वाटून तो वैतागला. रिव्हेराची बोटं मात्र रोजच्याच जागी होती. पिचिंगचे प्रशिक्षक मेल स्टॉटलमायर आणि रिव्हेरा चेंडू पुन्हा सरळ करायच्या मागे लागले. तो काही सरळ होईना, तेव्हा दोघांनी नाद सोडला.

हा चेंडू म्हणजे कटर. म्हणून तो रिव्हेराने शोधला असं नाही. अ‍ॅल लाइटरसारखे पिचर त्याच्या आधीपासून तो टाकत होते. फास्टबॉलची पकड किंचित एका बाजूला सरकवायची आणि चेंडू सोडताना मधल्या बोटाचा दाब वाढवायचा, एवढीच कृती. वेग फास्टबॉलपेक्षा थोडा कमी, वळण स्लायडर या जास्त वळणाऱ्या चेंडूपेक्षा लहान. आपल्या क्रिकेटमधल्या लेग कटरची दिशाही हीच. पण तिथे चेंडू टप्पा पडल्यावर जागा बदलतो, इथे टप्पाच नसतो. जे होतं ते फिरकीमुळे हवेतच.

रिव्हेराचं वेगळेपण इतकंच, की तो जवळजवळ हा एकच चेंडू टाकत राहिला. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास आलेला चेंडू डावखुऱ्या फलंदाजाच्या अंगावर सरकायचा आणि बॅटच्या जाड भागाऐवजी मुठीजवळच्या बारीक दांड्याला लागायचा. लाकूड तिथेच तुटतं. १९९९च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढतीत, अटलांटाच्या रायन क्लेस्कोने फलंदाजीच्या एकाच खेपेत तीन बॅट मोडून घेतल्या. २०१३मध्ये, रिव्हेराच्या निवृत्तीच्या वर्षी, मिनेसोटा ट्विन्सने त्याला मोडक्या बॅटींची झुलती खुर्चीच भेट दिली. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ६५२ सेव्ह, म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखलेले सामने, होते. हा विक्रम आहे. २०१९मध्ये बेसबॉलच्या दिग्गजांच्या हॉल ऑफ फेमसाठीच्या मतदानात त्याला शंभर टक्के मतं पडली. असं आधी कुणाचंच झालं नव्हतं.

हाच चेंडू एकदा उलटलाही. २००१च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, नववी म्हणजे शेवटची इनिंग. अ‍ॅरिझोनाच्या लुइस गोन्झालेझचा फटका बॅटवर नीट बसलाच नाही, पण धाव रोखायला पुढे आलेल्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून तो अलगद मागे पडला आणि यांकीज हरले.

सगळ्यांनाच कटर मानवत नाही. २०१२मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सने आपल्या उमेदवार पिचरांना तो टाकायला मनाई केली. फास्टबॉलचा वेग त्याने मंदावतो, असं व्यवस्थापनाचं म्हणणं.

रिव्हेराने मात्र पकड कधी लपवली नाही. २००८मध्ये सगळ्या संघांतल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्याच्या वेळी त्याने टोरँटोच्या रॉय हॅलाडेला ती दाखवली, आणि हॅलाडेने बोटांच्या जागा पेनाने चेंडूवरच आखून घेतल्या. टोरँटो म्हणजे यांकीजच्याच गटातला प्रतिस्पर्धी. संघातल्या सहकाऱ्यांनी ड्रेसिंग रूममध्ये लुटुपुटीचं कोर्ट भरवून रिव्हेराला दंड ठोठावला.